तारण

पाळकसाहेब, पंचमंडळी आणि बंधुभगिनींनो,

वार्षिक सभा तीन आठवड्यांवर आलेली असताना एका निवृत्त ऑडिटरला बोलायला बोलावलंय, म्हणून दोघातिघांनी मला दारातच गाठून विचारलं, काही विशेष आहे का? विशेष काही नाही. मी आपलं दप्तर पाहिलेलं नाही, आणि आपले खजिनदार समोरच्या बाकावर निवांत बसलेत.

३१ वर्षं मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासले. गावातल्या विविध कार्यकारी सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था. पतसंस्थेत गेलं की कर्जाच्या फायलीवर पहिला प्रश्न असायचा, तारण काय? सोनेतारण, मालतारण, जमीन. सोनं असेल तर पुडी फोडून वजन करायचं. पितळेच्या बांगड्यांवर दिलेली कर्जंही मी पाहिलीत. त्यामुळे लूकच्या शुभवर्तमानातल्या १९ व्या अध्यायातलं ‘आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे वाक्य ऐकलं, आणि तिथे तारण म्हणजे पापातून सुटका असली, तरी माझं डोकं आधी कचेरीत जायचं, मग चर्चमध्ये परत यायचं. पूर्वी मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही. कारण ज्या घराबद्दल प्रभू येशू हे बोलला, त्या जक्कयाच्या घरात त्या दिवशी खरोखरच हिशेबाची वही उघडली गेली होती.

जक्कयाची गोष्ट आपण लहान मुलांना सांगतो. बुटका माणूस येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढतो, प्रभू म्हणतो, खाली ये. मुलांना झाड आवडतं, म्हणून गोष्ट झाडावरच संपते. हा माणूस होता कोण, ते राहून जातं. लूक म्हणतो, तो मुख्य जकातदार होता आणि श्रीमंत होता. यरीहो म्हणजे यार्देनेपलीकडून यरुशलेमला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. खजुराच्या आणि सुगंधी डिंकाच्या झाडांच्या बागा होत्या. त्या बागा इतक्या मोलाच्या की रोमन सेनापती अँटनीने त्या इजिप्तच्या राणीला, क्लिओपात्राला देऊन टाकल्या, आणि हेरोद राजाला त्या तिच्याकडून खंडाने घ्याव्या लागल्या. अशा गावातल्या जकातीचा मक्ता मिळणं म्हणजे काय, ते तुमच्या ध्यानात येईल. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम द्यायचा आणि मग ती नफ्यासकट रयतेकडून, व्यापाऱ्यांकडून वसूल करायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात आपल्याकडेही महसुलाचे असेच मक्ते दिले जात, आणि त्यात कुळांचं काय झालं ते आपण इतिहासात वाचलंय. मुख्य जकातदार म्हणजे हाताखाली आणखी वसुलीवाले असणार. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं वर चढवलेलं. गंमत म्हणजे ‘जक्कय’ या नावाचा अर्थ शुद्ध, निर्दोष. नाक्यावर गाडी थांबली की लोक ते नाव कुठल्या सुरात घेत असतील, कल्पना करा.

आता तो काय म्हणतो ते ऑडिटरच्या कानाने ऐका. माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मी एकदा हे कागदावर मांडून पाहिलं. मालमत्ता १०० धरा. ५० गेले गरिबांना. उरलेल्या ५० मधून चौपट परतफेड करायची, तर अन्यायाची कमाई साडेबारापेक्षा जास्त असून चालणार नाही, नाहीतर शब्द पाळता येणार नाही. म्हणजे एक तर त्याची आठ आण्यांतली सात आणे कमाई खरोखर सरळ होती, किंवा आपण किती मोठं बोलून बसलो हे त्याला नंतर कळलं. मला दुसरी शक्यता जास्त मानवी वाटते. पण एक गोष्ट नक्की: मोघम काही नाही. ‘माझ्याकडून चुका झाल्या असतील तर क्षमा असावी’ हे वाक्य तो बोललेला नाही. अर्धं, आणि चौपट. दोन्ही आकडे.

हे चौपट त्याने कुठून आणलं? मोशेच्या नियमशास्त्रात परतफेडीचे दर आहेत. ज्याने आपण होऊन गुन्हा कबूल केला, त्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. चोरलेलं जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चौपट, बैलाचं पाचपट. जक्कयाने स्वतःला मेंढरू कापून खाल्लेल्या चोराचा दर लावून घेतला. हे दर लक्षात ठेवा, मला शेवटी लागणार आहेत.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे पैसे भरून तारण मिळतं का? नाही. क्रम बघा. ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे’ हे प्रभू आधी म्हणाला. तेव्हा जक्कयाने एक दमडी परत केलेली नव्हती. पैशाने देवाचं दान विकत घ्यायला शिमोन जादूगार निघाला होता, त्याला प्रेषित पेत्राने चांगलंच फटकारलं. पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकल्या गेल्या, तेव्हा १५१७ साली मार्टिन ल्यूथर त्याविरुद्ध उभा राहिला. तो वाद मला इथे काढायचा नाही. माझं म्हणणं एवढंच, की पाहुणा घरात आल्यावर यजमानाने तिजोरीची किल्ली लपवली नाही. ज्या घरी कृपा पोचली, त्या घरची खतावणी बदलली पाहिजे. नसेल बदलली, तर पुडीतलं सोनं एकदा तपासावं.

आणि प्रभूने त्याला सगळं विक म्हटलं नाही. एकच अध्याय आधी एका श्रीमंत अधिकाऱ्याला म्हटलं होतं, सगळं विकून दे. इथे अर्ध्यावर मान्य केलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा तोही नोकरी सोडा म्हणाला नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कोणावर खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधानी राहा. सरकारी नोकरांसाठी याहून थोडक्यात आचारसंहिता मी पाहिली नाही.

आता लोभाकडे येऊ. आपली भाषा मोठी गमतीची. पत्राच्या शेवटी आपण लिहितो, ‘लोभ असावा’. तोच शब्द दशआज्ञांच्या शेवटच्या आज्ञेत येतो, लोभ धरू नको. मला वाटतं मराठीने इथे काहीतरी बरोबर पकडलंय. लोभ म्हणजे माया. ती माणसावर असायला हवी ती वस्तूवर जडली, की झालं. प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला लिहितो, लोभ ही मूर्तिपूजा आहे. आपल्या सहकारी तीमथ्याला लिहितो तेव्हा पैशाला वाईटाचं मूळ म्हणत नाही, पैशाच्या लोभाला म्हणतो. आपण उद्धृत करताना ‘लोभ’ गाळतो आणि पैशालाच नावं ठेवतो. पैशाला नावं ठेवणं सोपं, तो बिचारा उत्तर देत नाही.

हा लोभ दरवाजा फोडून येत नाही. आमच्या कामात ‘तात्पुरता अपहार’ असा एक शब्द आहे. सचिवाने वसुली घेतली, पावती दिली, किर्दीला मात्र रक्कम महिन्यानंतर जमा केली. हातशिल्लक कागदावर बरोबर, पेटीत नाही. विचारलं की एकच उत्तर: साहेब, परत ठेवणारच होतो. आणि खरं सांगतो, बहुतेक जण खरंच ठेवणार असतात. मुलीचं लग्न असतं, आजारपण असतं. एका सोसायटीचा सचिव माझ्यासमोर रडला. पहिल्यांदा त्याने उचललेले पैसे चार दिवसांत परत ठेवले होते, कुणाला कळलं नव्हतं. तिथेच तो फसला, परत न करण्यामुळे नाही. परत केले, आणि काहीच झालं नाही, म्हणून. पुढच्या वेळी वीस दिवस, मग सहा महिने. शेवटी सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित झाली तेव्हा रक्कम त्याच्या जमिनीपेक्षा मोठी होती. चांगला माणूस होता. चर्चमध्ये माझ्याहून चांगलं गायचा.

हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने शेत विकलं, काही पैसे मागे ठेवले आणि उरलेले प्रेषितांपुढे ठेवले. त्यांच्याबद्दल आपण चुकीचं शिकवतो. त्यांनी पैसे मागे ठेवले हा गुन्हा नव्हता. पेत्र स्पष्ट विचारतो, शेत होतं तोवर तुझंच होतं ना, आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते ना? त्याने सरळ सांगितलं असतं, की निम्मे देतोय आणि निम्मे म्हातारपणासाठी ठेवतोय, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याने भाग दिला आणि पूर्ण दिल्याचं श्रेय घेतलं. पंख्याच्या पात्यावर स्वतःचं नाव घालून घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा अध्याय पंखा बंद करून वाचावा.

येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं तर विचारूच नका. मरियेने येशूच्या पायांवर सुगंधी तेल ओतलं, तेव्हा हा म्हणाला, हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. बोलणं किती बरोबर! शुभवर्तमान लिहिणारा योहान लगेच सांगतो, त्याला गरिबांची काळजी नव्हती, थैली त्याच्याकडे होती आणि तो त्यातून काढत असे. गरिबांच्या नावाने सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याच्या हातात थैली असेल, तर ती मोजावी. हे मी म्हणत नाही, शुभवर्तमान म्हणतं.

मोजण्याचा आपल्याला राग येतो. ‘देवाच्या कामात हिशेब मागता?’ हे वाक्य मी तीनचार संस्थांत ऐकलंय, आणि दरवेळी पुढे काहीतरी निघालंय. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखयातून वर्गणी गोळा करत होता. प्रेषित माणूस, त्याला कोण पावती मागणार? तरी तो मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो आणि करिंथकरांना कारण लिहितो, की या मोठ्या रकमेबाबत कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये. नुसतं प्रभूसमोर चांगलं असून भागत नाही, माणसांसमोरही असावं लागतं. सुगीच्या सणाला आपण कोंबडी, भोपळा, ज्वारीचं पोतं लिलावात बोलतो. पुकारलेले पैसे त्याच दिवशी जमा होतात का, दोघांच्या सहीने होतात का? खजिनदारांवर माझा अविश्वास नाही. उलट, दुसरी सही असली की त्यांना रात्री झोप चांगली लागेल.

आता जरा आपल्या मातीकडे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर गेले. मग ते लोण आपल्या नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत आलं. त्यांना मुख्यतः हवे होते रोखे. न वाचता अंगठा दिलेले कागद. ते मिळाले की जाळले. चार वर्षांनी, १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. मी जुन्या करारातल्या नहेम्याचा, म्हणजे यहूद्यांवर नेमलेल्या अधिकाऱ्याचा, पाचवा अध्याय वाचतो तेव्हा मला सुपं दिसतं. तीच तक्रार: दुष्काळात धान्यासाठी शेतं गहाण टाकली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, पोरंबाळं दास झाली. घेणारे परके नव्हते, आपलेच भाऊबंद. पण तिथे कागद जाळावे लागले नाहीत. नहेम्याने सभा भरवली आणि शेतं, मळे, घरं आजच्या आज परत करायला लावली. मला त्यातलं एक वाक्य सोडत नाही. तो म्हणतो, मी आणि माझे भाऊ, माझे चाकर, आम्हीही त्यांना पैसे आणि धान्य उसनं दिलंय. चौकशी अधिकाऱ्याने आधी स्वतःचं नाव यादीत घातलं! पुढे तो सांगतो, १२ वर्षं अधिकारी होतो, पण अधिकाऱ्याला मिळणारा अन्नाचा भत्ता मी खाल्ला नाही.

भत्ता म्हटल्यावर मला गप्प बसता येत नाही. मी खाल्ला.

फिरतीवर असताना संस्थेची जीप न्यायला यायची, आणि प्रवास भत्त्याच्या बिलात मी एसटीचं भाडं लावायचो. संध्याकाळी घरी यायचो आणि मुक्काम दाखवायचो. सगळेच करायचे, हे खरं आहे, पण त्या बिलांवर सही माझी एकट्याची होती. आणि दिवसभर मी दुसऱ्यांची बिलं नामंजूर करायचो. निवृत्त झाल्यावर जुन्या दैनंदिन्या काढून बसलो. आठवतं ते लिहिलं, आठवत नाही तिथे जास्त धरलं. बेरीज आली ११,४०० रुपये. त्यावर पाचवा हिस्सा २,२८०. एकूण १३,६८०.

पैसे घेऊन कोषागारात गेलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, “वसुली कोणी लावलीय?”

म्हटलं, कोणी नाही.

“मग ऑडिटचा आक्षेप असेल.”

“नाही. मीच ऑडिटर होतो.”

त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. बहुधा माझी तब्येत बरी नाही असं त्याला वाटलं. मग तो आणि त्याचा वरिष्ठ अर्धा तास लेखाशीर्ष शोधत बसले, कारण पैसा परत यावा यासाठी सरळ खातं सापडेना. शेवटी संकीर्ण जमा म्हणून चलन झालं. ‘भरणा करण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहू, असं त्याने विचारलं. मी सांगितलं ते त्याने लिहिलं नाही. ‘जादा अदायगी परत’ असं लिहिलं. सरकारी भाषेत पापाला तेवढाच शब्द आहे.

त्या चलनाची प्रत मी पवित्र शास्त्रात लूकच्या १९ व्या अध्यायात ठेवली. एका रविवारी ती माझ्या बायकोच्या हाती लागली. तिने आकडेमोड पाहिली आणि विचारलं, “पाचवाच हिस्सा का?”

मी म्हटलं, मी आपण होऊन कबूल केलं, मला कोणी पकडलं नव्हतं. शास्त्राप्रमाणे अशाला पाचवाच हिस्सा लागतो.

ती चलनाची घडी घालत म्हणाली, “जक्कयाला तरी कोणी पकडलं होतं?”