आऽ कर की रं

(दृश्य : सकाळ. कोल्हापुरात गंगावेशीजवळचं घर. खिडकीतून रस्त्याचा आवाज.)

दूध कट्ट्यावर म्हशींच्या धारा काढणं चाललंय. इथं, दोन गल्ल्या सोडून, आई खुर्चीच्या मागं उभी राहिलीय. १४ वर्षांच्या लेकाचं डोकं पोटाशी टेकवलंय, डाव्या हातानं हनुवटी धरलीय. “आऽ कर की रं.”

समोरून ब्रश आणला, की त्याची मान मागं ताठते आणि जबडा कटकन मिटतो. हा हट्ट नव्हे. तोंडाला काही लागलं की आपोआप चावा बसतो. म्हणून आधी दाढांमध्ये जुन्या ब्रशचा दांडा, फडकं गुंडाळून. बोट कधीच नाही. आईच्या तर्जनीवरचा वण त्याच शिकवणीचा.

(दृश्य : मुलाचा चेहरा, बाजूनं.)

त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा. इजा तेवढीच राहते, चेहरा मात्र वाढत जातो. दात रांगेत राहतात ते आतून जीभ आणि बाहेरून ओठ-गाल यांच्या दाबाच्या तोलावर. याचे ओठ सैल, तोंड उघडं, आणि प्रत्येक घोटाला जीभ पुढं रेटते. वर्षानुवर्षं. वरचे दात बाहेर आले, दाढा मिटल्या तरी पुढं फट उरते. तोल जाऊन पडला, की पहिला मार त्याच दातांना. सगळ्याच मुलांचं असं होत नाही, पण बऱ्याच जणांचं होतं. तारा लावता येतात. पण जीभ रेटतच राहिली, तर दात परत जागा सोडतात.

लाळेचं सांगायलाच हवं. लग्नाच्या पंगतीत लोक नजर चुकवतात. लाळ बहुतेकदा जास्त सुटत नसते, ती वेळेवर गिळली जात नाही, एवढंच.

किडीचं कारण घरातलंच. मऊ दूधभात, वर गूळ. घास गालात तसाच साठून राहतो. शिवाय रात्रीचं गोड सिरप. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल, तर हिरड्या फुगून दातांवर चढू शकतात. गोळी मनानं थांबवायची नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

(दृश्य : ओलं फडकं, पेस्टची ट्यूब.)

त्याला चूळ थुंकता येत नाही, म्हणून पेस्ट अगदी थोडी, आणि शेवटी फडक्यानं पुसणं.

“डावीकडचं राह्यलंय.”

तो मान हलवतो. नाही म्हणजे नाही.