सेन्सरमध्ये डोकं असतं ते कशासाठी

नमस्कार मंडळी! आज बोलूया सेन्सरबद्दल. हल्ली कशालाही 'स्मार्ट' चिकटवतात, वायफाय असलं की झालं स्मार्ट, पण सेन्सरच्या बाबतीत त्याला खरंच अर्थ आहे.

साधा सेन्सर काय करतो, तापमान बदललं की त्याचं व्होल्टेज नाहीतर रेझिस्टन्स किंचित बदलतो, बास. सिग्नल इतका नाजूक की वायर लांब झाली, बाजूला मोटर चालू असली, की नॉईज, म्हणजे नको असलेली विजेची गडबड, घुसलाच. स्मार्ट सेन्सर हा सिग्नल तिथल्या तिथे वाढवतो, गाळतो, डिजिटल करतो आणि बाहेर थेट आकडा देतो. डीएस१८बी२० हा तापमानाचा स्मार्ट सेन्सर घ्या, तीन पायांचा, दिसायला ट्रान्झिस्टरसारखा, पण तापमान अंशाच्या सोळाव्या भागापर्यंत डिजिटल सांगतो, आणि प्रत्येकाला स्वतःचा ६४ बिटचा नंबर असतो त्यामुळे एकाच वायरवर बरेच लावले तरी कोण बोलतंय ते कळतं.

मला जास्त आवडतो तो मोबाईलमधला अॅक्सेलरोमीटर. आत सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा, फोन हलला की तो जरासा सरकतो, कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलतो आणि त्यावरून हालचाल मोजली जाते. पण खरी गंमत पुढे आहे, एडीएक्सएल३४५ सारखी चिप टिचकी मारली का, वस्तू खाली पडतेय का हे स्वतःच ओळखते, ३२ रीडिंग स्वतःकडे साठवते, आणि काही घडलं तरच एका पिनवरून मेन प्रोसेसरला उठवते, तोवर तो खुशाल झोपलेला. बॅटरी वाचते ती इथे!

आता भानगडी. तापमानाच्या सेन्सरमध्ये सर्किट सतत चालू ठेवलं तर त्याचीच उष्णता रीडिंगमध्ये येते, म्हणून मोजून झालं की बंद, असं करावं लागतं. आणि मोठी भानगड म्हणजे सेन्सरने आतच जे गाळून टाकलं ते गेलं ते गेलंच. मशीनच्या बेअरिंगला चीर पडायला लागली की तिची खूण बऱ्याचदा वरच्या फ्रिक्वेन्सीच्या कंपनात आधी दिसते, आणि सेन्सर सरासरी काढून गुळगुळीत आकडे देत बसला तर नंतर कितीही भारी सॉफ्टवेअर लावा, ती खूण मिळणार नाही. त्यामुळे असा सेन्सर घेताना डेटाशीटमध्ये (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात) आधी बघा, कच्चा डेटा देतो का आणि आतला फिल्टर बदलता येतो का, टिचकी ओळखण्याचं कौतुक नंतर!