थायरॉइड असताना ऑपरेशन: तयारी सहा आठवडे आधीपासून

भूलतज्ज्ञ तपासायला येतात, "काही आजार?" असं विचारतात आणि उत्तर मिळतं, "हो, थायरॉइड आहे." आता थायरॉइड तर सगळ्यांनाच असतं, गळ्यात, श्वासनलिकेच्या पुढे. या उत्तरातून भूल देणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ग्रंथी मंद आहे, की जास्त जोरात चालते आहे, की काम ठीक आहे पण आकार वाढलाय? या तीन परिस्थितींत तयारी तीन वेगळ्या वाटांनी जाते. मंद ग्रंथीच्या रुग्णाला भुलेतून जागं व्हायला वेळ लागू शकतो, जोरात चालणाऱ्या ग्रंथीच्या रुग्णाचं हृदय बेताल होऊ शकतं आणि मोठ्या गाठीच्या रुग्णात श्वासाची नळी घशातून खाली कशी जाणार, हाच पहिला प्रश्न असतो.

तिन्हींत सामाईक गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. ऑपरेशनची तारीख दिवसांच्या हिशेबानं ठरते आणि थायरॉइडची औषधं आठवड्यांच्या हिशेबानं काम करतात. आजच्या व्याख्यानात बहुतेक सगळं या एका विसंगतीभोवतीच फिरणार आहे.

उदाहरण म्हणून लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे मंद ग्रंथीच्या रुग्णाला देतात ती थायरॉइड हॉर्मोनची गोळी, पाहा. रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलला की नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टीएसएचचा आकडा त्यानंतरच विश्वासार्ह होतो. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूकडून येणारं हॉर्मोन; ग्रंथी मंद असली की ते वाढतं, जोरात चालली की उतरतं. म्हणजे ऑपरेशनच्या आठ दिवस आधी केलेल्या तपासणीत गडबड निघाली, तर ती दुरुस्त करायला हातात वेळच नसतो. मग तारीख पुढे ढकला किंवा आहे त्या स्थितीत जा, एवढेच दोन पर्याय उरतात. ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातलं सुटं थायरॉइड हॉर्मोन) सहा ते आठ आठवडे आधी करून घ्या. डोस बरेच महिने तोच आहे, त्रास काही नाही आणि गेल्या तीन ते सहा महिन्यांतला रिपोर्ट ठीक आहे, अशांना बहुधा नव्या तपासणीची गरजही पडत नाही. जुना रिपोर्ट सोबत ठेवला की झालं.

रक्त देताना दोन गोष्टी सांभाळा. सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, कारण गोळीनंतरचे काही तास फ्री टी-४ वर गेलेलं दिसतं. दुसरी गोष्ट बायोटिनची. केसांसाठी, नखांसाठी ज्या गोळ्या घेतल्या जातात त्यांत बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि ते काही तपासण्यांच्या रसायनातच ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येतं. ग्रंथी जोरात चालते आहे असं हुबेहूब वाटावं असा रिपोर्ट हातात पडतो. रुग्ण ठणठणीत आणि ऑपरेशन मात्र रद्द, हा प्रकार त्यातून घडू शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, डोस मोठा असेल तर त्याहून जास्त. "ते काय, साधं व्हिटॅमिन" म्हणून औषधांच्या यादीतून ते हमखास गळतं.

आता मंद ग्रंथीकडे येऊ. टीएसएच थोडं वाढलेलं, समजा ७ किंवा ८, आणि फ्री टी-४ मर्यादेत, एवढ्यासाठी ऑपरेशन थांबवायचं कारण नसतं. टी-४ खरोखर कमी असेल आणि ऑपरेशन थांबू शकत असेल, तर थांबून पातळी सुधारणं शहाणपणाचं. तातडीचं असेल तर सौम्य-मध्यम कमतरतेतही काळजी घेऊन पुढे जाता येतं. अतितीव्र कमतरतेत, म्हणजे सुस्ती, गोंधळ, थंड पडलेलं अंग, हृदयाभोवती पाणी अशा रुग्णात, जीव वाचवण्यापुरतंच ऑपरेशन करतात. त्याच वेळी शिरेतून हॉर्मोन सुरू करतात. मात्र त्याआधी स्टेरॉइड देतात, कारण अशा काहींत मूत्रपिंडांवरची अ‍ॅड्रिनल ग्रंथीही अशक्त असते आणि नुसतं थायरॉइड हॉर्मोन दिलं तर ती कोसळते.

हॉर्मोन कमी असताना नेमकं बिघडतं काय? यकृत औषधं सावकाश मोडतं, म्हणून झोपेची आणि वेदनाशामक इंजेक्शनं नेहमीच्या मात्रेतही जड होतात. श्वासाची प्रेरणा मंदावते. रक्तातलं सोडियम उतरतं. टेबलावर अंग लवकर गार पडतं. आतडी आधीच आळसावलेली असतात, ऑपरेशननंतर पोट फुगून राहतं. काहींत रक्त गोठवणारा एक घटक कमी होतो आणि जखम अपेक्षेपेक्षा जास्त वाहते.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. रिपोर्ट सुधारावा म्हणून ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी स्वतःच डोस दुप्पट करतात. दोन आठवड्यांत टीएसएच पुरतं बदलत नाही, छाती मात्र धडधडू लागते. वय जास्त असेल किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर हा उद्योग धोक्याचा आहे. अशांना डॉक्टरही १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून चार ते सहा आठवड्यांच्या टप्प्यांनी डोस वाढवतात. घाई केली तर छातीत दुखणं उद्भवतं.

ऑपरेशनच्या दिवशीची गोळी हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सहा तास काही खायचं नाही, दोन तास आधी पाणीही बंद, मग गोळी? लेव्होथायरॉक्सिन सकाळी एका घोटाबरोबर घ्यायची, एवढं पाणी भुलेच्या आड येत नाही. आपल्या भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारून कागदावर लिहून घ्या, म्हणजे पहाटे नर्सशी वाद नको. आणि चुकलीच तर? एका दिवसात साठ्यातला जेमतेम दहावा भाग कमी होतो, काही बिघडत नाही. मोठ्या ऑपरेशननंतर पाच ते सात दिवसांहून अधिक काळ तोंडानं काही घेता येणार नसेल तेव्हा मात्र इंजेक्शनचा विचार होतो. तोंडाच्या डोसाच्या साधारण तीन चतुर्थांश मात्रा शिरेतून पुरते, कारण तोंडानं घेतलेलं सगळं आतड्यातून शोषलं जात नाही.

खरा घोळ होतो तो नंतर, वॉर्डात. सकाळी औषधांची ट्रॉली येते आणि एका छोट्या कपात सगळ्या गोळ्या एकत्र हातात पडतात. थायरॉइडची, कॅल्शियमची, लोहाची, आम्लपित्ताची, आणि नाश्ताही समोरच. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, गोळी पोटात जाते पण रक्तात पोचत नाही. या दोन्हींत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. नाश्ता आणि कॉफी अर्ध्या ते एक तासानं. वॉर्डात सकाळचं वेळापत्रक जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचं गणित निराळं आहे. पोटातलं आम्लच कमी झाल्यानं शोषण घटतं, तिथं अंतर ठेवून उपयोग नाही. त्या दीर्घकाळ सुरू राहणार असतील तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच बघावं. नाकातून नळीनं आहार चालू असेल तर गोळी देण्याआधी आणि नंतर तासभर आहार थांबवायचा.

डोस तोंडी सांगू नका, गोळ्यांची बाटली किंवा पाकीटच दाखवा. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. "शंभरची गोळी" ऐकून कुणी कागदावर मिलिग्रॅम लिहिलं, की हजारपटीचा फरक झाला. तेवढ्या ताकदीची गोळी नसतेच, त्यामुळे चूक सहसा पकडली जाते. पण २५ ऐवजी १२५ लिहिलं गेलं तर ते कुणाला खटकत नाही.

जोरात चालणाऱ्या ग्रंथीबद्दल मात्र मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथं चुकीची किंमत मोठी असते. अनियंत्रित अवस्थेत ठरवून करायचं कोणतंही ऑपरेशन करू नये, मग ते हर्नियाचं असो की गुडघ्याचं. भीती असते ती थायरॉइड स्टॉर्मची. ऑपरेशनचा ताण, जंतुसंसर्ग किंवा औषध अचानक बंद होणं यांतून ताप भडकतो, नाडी १४० च्या वर जाते, रुग्ण भ्रमात जातो. बहुतेक वेळा हे ऑपरेशननंतरच्या पहिल्या २४ तासांत होतं. टेबलावर झालं तर भुलेखाली भ्रम दिसत नाही, फक्त ताप आणि नाडी दिसते, आणि भुलेच्या औषधांनी होणाऱ्या एका दुर्मीळ तापाशी त्याची गल्लत होऊ शकते. म्हणून भूलतज्ज्ञाला आधी माहीत असणं इतकं महत्त्वाचं.

कार्बिमाझोल, मेथिमाझोल किंवा प्रोपिलथायोयुरॅसिल ही औषधं नवं हॉर्मोन बनणं थांबवतात. पण ग्रंथीच्या गोदामात आधीच तयार माल काही आठवड्यांचा असतो, तो बाहेर पडत राहतो. त्यामुळे पातळी ताळ्यावर यायला तीन ते आठ आठवडे लागतात. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं नाडी आणि थरथर काही तासांत आवरतात, हॉर्मोन तसंच राहतं. बरं वाटू लागलं म्हणजे तयारी झाली, असं इथं समजू नये. फ्री टी-४ आणि टी-३ (ग्रंथीचं दुसरं हॉर्मोन) मर्यादेत आणि विश्रांतीतली नाडी साधारण ८०-९० च्या आत, हे बघायचं. टीएसएच या रुग्णांत महिनोन्‌महिने दबलेलंच राहू शकतं. टी-४, टी-३ ठीक असताना केवळ टीएसएच शून्याच्या जवळ म्हणून ऑपरेशन लांबवणं बरोबर नाही. दम्याच्या रुग्णांनी दमा असल्याचं आवर्जून सांगावं, प्रोप्रॅनोलॉलनं श्वासनलिका आवळू शकतात. हॉर्मोन थांबवणारं आणि नाडीचं, ही दोन्ही औषधं ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायची. नाडीचं औषध अचानक बंद करणं तर फारच वाईट.

कार्बिमाझोल आणि तिच्यासारख्या हॉर्मोन थांबवणाऱ्या गोळ्या चालू असताना घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करा. क्वचित या पेशी जवळपास नाहीशा होतात, आणि त्या अवस्थेत सुरी लावणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण.

ग्रेव्हज आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जोरात पळवते तेव्हा, ग्रंथीच काढायची असेल तर आयोडीनचे थेंब देतात. ही पद्धत डॉक्टर हेन्री प्लमर यांनी १९२३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रुळवली. ल्यूगोल या आयोडीनच्या द्रावणाचे ५ ते ७ थेंब, दिवसातून तीनदा, पाण्यात किंवा रसात मिसळून, ऑपरेशनआधीचे साधारण १० दिवस. भरपूर आयोडीन एकदम मिळालं की ग्रंथी काही काळ काम थांबवते आणि तिचा रक्तपुरवठाही कमी होतो, त्यामुळे रक्तस्राव कमी. पण ही सुट्टी तात्पुरती असते. दोनेक आठवड्यांत ग्रंथी त्यातून सुटते आणि मग तेच आयोडीन कच्चा माल म्हणून वापरते. म्हणून थेंब सुरू झाल्यावर काही कारणानं तारीख पुढे गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, थेंब आपल्या मनानं चालू ठेवू नका. हॉर्मोन बनवणाऱ्या गाठींच्या आजारात तर थेंब देतच नाहीत, तिथं आयोडीननं हॉर्मोन वाढतं. तातडीच्या ऑपरेशनात हॉर्मोन थांबवणारी गोळी आधी, आयोडीन किमान तासाभरानं, जोडीला नाडीचं औषध आणि स्टेरॉइड असा क्रम असतो. ताप आला तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन नको, कारण ते प्रथिनांना चिकटलेलं हॉर्मोन सुटं करतं. अशा रुग्णाला आयोडीनयुक्त रंगद्रव्याचा सीटी स्कॅन सांगितला गेला तर थायरॉइडच्या डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.

ग्रेव्हजमध्ये डोळे पुढे आलेले असतील तर तेही सांगा. भुलेत पापण्या पूर्ण मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडून खरचटतं. मलम आणि पट्टी एवढा उपाय पुरतो, फक्त कुणाला तरी आठवावं लागतं.

वाढलेल्या ग्रंथीचं थोडक्यात. उताणं झोपल्यावर दम लागतो का? कोणत्या कुशीवर बरं वाटतं? आवाज बदललाय का? दोन्ही हात डोक्यावर धरल्यावर चेहरा लाल होऊन श्वास कोंडतो का? शेवटच्याचं उत्तर हो असेल तर ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरली असण्याची शक्यता आहे. मग स्कॅन आणि घशात दुर्बिणीनं स्वरतंतूंची तपासणी होते, आणि नळी कशी टाकायची हे आधीच ठरतं. हॉर्मोनचे सगळे रिपोर्ट उत्तम असूनही हा रुग्ण भुलेसाठी अवघड असू शकतो.

ग्रंथीच काढणार असतील त्यांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आधी तपासून भरून घ्यावं. नंतर ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर लगेच सांगावं, ती कॅल्शियम उतरल्याची खूण असू शकते. मानेला एकाएकी ताण, सूज आणि श्वासाला अडथळा वाटला तर क्षणभरही थांबू नये, आत रक्त साचत असू शकतं.

प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत एक दाताबद्दलची आहे. ग्रंथी ताब्यात असेल तर दात काढायला अडचण नाही. ती जोरात चालत असेल आणि औषध नुकतंच सुरू झालेलं असेल तर दंतवैद्याला सांगा, कारण बधिर करायच्या इंजेक्शनात बहुधा नाडी वाढवणारं अ‍ॅड्रिनलिन असतं.

दुसरी चिठ्ठी: ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी वॉर्डात तपासणी केली, टी-३ कमी आलं, डोस वाढवायचा का? नाही. मोठ्या आजारात आणि ऑपरेशननंतर शरीर स्वतःच टी-३ उतरवतं, आणि बरं होताना टीएसएच काही दिवस वर जातं. त्या आकड्यांवरून डोस हलवला तर पुढचे दोन महिने तो परत जागेवर आणण्यात जातात. आधीचाच डोस चालू ठेवा आणि सहा आठवड्यांनी, घरी परतून खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर, सकाळी गोळीआधी रक्त द्या.