रे रोड: जिथं हार्बर लाइन संपायची

(दृश्य: दुपारचा फलाट. लांबून येणारी लोकल.)

"पुढील स्टेशन, रे रोड."

डब्यात कुणाची मान मोबाइलमधून वर होत नाही. दोघं-तिघं उतरतात आणि गाडी कॉटन ग्रीनकडे निघून जाते. तिकीट मोबाइलवर, घोषणा ध्वनिमुद्रित. भर दुपारी या फलाटावर रेल्वेचा माणूस नजरेला पडेलच असं नाही.

पण मुंबईच्या हार्बर लाइनची गोष्ट इथूनच सुरू होते. आज उतरूया.

१२ डिसेंबर १९१०. जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज. तिची कुर्ल्याहून निघालेली लाइन इथवर आली आणि इथंच थांबली. आज ज्याला आपण 'मधलं स्टेशन' म्हणतो, ते तेव्हा शेवटचं होतं. बोरीबंदरला (पुढचं व्हीटी, मग सीएसटी, आजचं सीएसएमटी) जायचं तर इथून पुढे हार्बरचे रूळच नव्हते.

तेव्हा इथला किनारा नव्यानं घडत होता. माझगावपासून शिवडीपर्यंत पोर्ट ट्रस्ट समुद्रात भराव टाकून जमीन काढत होतं. त्यावर वखारी आल्या. कुलाब्याचा कापूसबाजारही पुढे शेजारीच, कॉटन ग्रीनला आला. एवढा माल आला म्हणजे माणसं आली, आणि माणसांना गाडी हवीच.

नाव मात्र गव्हर्नरसाहेबांचं. लॉर्ड रे, १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर. जन्म नेदरलँड्समधल्या हेगचा, उमरावपद स्कॉटलंडचं. स्टेशन सुरू झालं तेव्हा त्यांना मुंबई सोडून वीस वर्षं झाली होती.

माझे आजोबा कुर्ल्याचे, गोदीत कामाला. पहिली पाळी असली की अंधारातच डबा घेऊन निघायचे. त्यांच्या तोंडी 'रे रोड' कधी आलंच नाही. "दारूखान्याला उतरतो" असंच म्हणायचे.

(दृश्य: दारूखान्यातली गल्ली. गॅसकटरच्या ठिणग्या.)

दारूखाना म्हणजे तोफेच्या दारूचं कोठार. दारू गेली, नाव राहिलं. पुढे इथं जहाजं तोडायचा धंदा वाढला. स्टेशनाबाहेर पाच मिनिटं चाला. मनगटाएवढ्या जाड कड्यांच्या साखळ्या आणि गंजलेले नांगर रस्त्याच्या कडेला पडलेले दिसतात. कधीकाळी समुद्र कापत गेलेलं लोखंड इथं किलोच्या भावानं विकलं जातं.

(दृश्य: सँडहर्स्ट रोड. वरच्या फलाटाखालचा लोखंडी खांब, अगदी जवळून.)

रे रोडवर अडलेले रूळ बोरीबंदरला न्यायचे, तर वाटेत मेन लाइन आडवी होती. मग हार्बर उचलून वर घेतली. म्हणूनच सँडहर्स्ट रोडला खाली एक स्टेशन आणि वर एक. वरचं स्टेशन पेलणाऱ्या खांबांवरची अक्षरं रंगाच्या थरांखालूनही वाचता येतात: ग्लेनगार्नोक, १९२१. ग्लेनगार्नोक हे स्कॉटलंडमधल्या पोलाद कारखान्याचं गाव. या खांबाला टेकून रोज शेकडो माणसं गाडीची वाट बघतात. एकदा तरी त्या अक्षरांवरून बोट फिरवून बघा.

आणि मग ३ फेब्रुवारी १९२५. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि भारतातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला निघाली. १५०० व्होल्ट, डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. तोवर टोक असलेलं रे रोड त्या दिवसापासून वाटेवरचं स्टेशन झालं. मला वाटतं, त्या पहिल्या गाडीबद्दल बोलताना आपण व्हीटीचं नाव घेतो, कुर्ल्याचं घेतो, आणि जिच्यावरून ती धावली त्या लाइनीला विसरतो.

ती डीसी वीज पुढे नव्वद वर्षांहून जास्त टिकली. मेन लाइन आधी २५ हजार व्होल्टच्या एसीवर, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर गेली, हार्बरची पाळी सगळ्यात शेवटी आली. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री डीसीवरची शेवटची लोकल कुर्ल्याहून सीएसटीला निघाली. वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन मागे टाकत ती रे रोडच्या या फलाटासमोरून गेली. त्याच वाटेनं, फक्त उलट्या दिशेला.

(दृश्य: रिकामा फलाट. डॉकयार्ड रोडकडे जाणाऱ्या गाडीचा मागचा दिवा.)