कान आला, जीभ गेली

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरबाईंनी दिलेलं हे व्याख्यान. बोलण्याचा बाज राखून थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार. आत येताना दाराशी प्रत्येकाच्या हातावर एकेक वेलदोडा ठेवलाय. ज्यांनी खाल्ला त्यांनी शेजाऱ्याकडून चार दाणे मागून घ्या. बाकीच्यांनी अजून थांबा, त्याचं पुढं काम आहे.

फळ्यावर विषय लिहिलाय, 'शस्त्रक्रिया: चव, वास, वेदना आणि जखम भरणं'. चार गोष्टी आणि वेळ पाऊण तासाचा. सुरुवात चवीपासून करते, कारण ती मला एका पेशंटनं शिकवली.

तुमच्या-माझ्यासारखेच बेळगावचे गृहस्थ. पन्नाशीचे. कुंदा, म्हणजे आपली इथली खव्याची मिठाई, करायचे, वडिलांपासूनचा धंदा. डावा कान लहानपणापासून वाहणारा. गोडेतेल, लसूण, कापसाचा बोळा, सगळं करून झालेलं. तपासलं तर आतलं हाड कुजत चाललेलं. हे तसंच ठेवलं तर मेंदूपर्यंत जाऊ शकतं, म्हणून ऑपरेशन केलं. कुजलेलं काढलं, पडदा नवा बसवला. दीड महिन्यानं तपासायला आले. कान कोरडा, पडदा छान धरलेला, ऐकू येण्यातही फरक. मी खूश. म्हटलं, काका, झकास झालं. ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, ‘बाई, कान आला की ओ, पण जीभ गेली.’

जीभ बाहेर काढायला सांगितली. लाल, स्वच्छ, हलते सगळीकडं. दिसायला काही नाही. मग त्यांनी सांगितलं. कुंद्याच्या कढईत साखर सोनेरी होऊन तपकिरीकडं झुकायला लागते ना, त्या घटकेला ते उलथन्याच्या टोकावरचा थेंब जिभेवर घ्यायचे. गोडाच्या मागून एक बारीक कडसर चव येते, ती आली की जाळ काढायचा. अर्धं मिनिट उशीर झाला की करपलं, लवकर काढलं तर तो कुंदा नव्हे, नुसता गोड खवा. आणि हा थेंब ते नेहमी जिभेच्या डाव्या कडेला घ्यायचे, कारण उजवीकडची दाढ गेलेली, तिथं सवयच नाही. ऑपरेशन झाल्यापासून डाव्या कडेला एकच चव, तांब्याचा पैसा तोंडात धरल्यासारखी. दोन घाणे करपले. तिसरा करपू नये म्हणून आधीच उतरवला, तर गिऱ्हाइकानं परत आणून दिला. बायकोला सांगायची लाज वाटली म्हणून महिनाभर गप्प राहिले. मलाही सांगणार नव्हते. कानाच्या डॉक्टरला जिभेचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

आता कान आणि जीभ यांचा संबंध ऐका. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव मेंदूकडं नेणारी एक नस आहे, कॉर्डा टिंपनी तिचं नाव. निसर्गानं तिला सरळ रस्ता दिला नाही. जिभेकडून ती वर चढते आणि थेट मधल्या कानातून जाते, पडद्याच्या मागं, हातोडी आणि ऐरण या दोन चिमुकल्या हाडांच्या मधून, उघडी. आम्ही कानात काम करतो तेव्हा ती समोर पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. कधी बाजूला सारावी लागते, कधी ताणली जाते, आणि हाड कुजलेलं असलं तर कापावीही लागते. काकांची मी कापली होती. कापायलाच हवी होती, आजही माझं तेच मत आहे. पण मी ते त्यांना सांगितलं नव्हतं. संमतीच्या कागदावर एक ओळ होती, इंग्रजीत. तोंड वाकडं होऊ शकतं, चक्कर येऊ शकते, ऐकू कमी येऊ शकतं, हे सगळं मी समोर बसून सांगितलं. चवीचं सांगितलं नाही. मला ती गोष्ट लहान वाटली. कुंदा करणाऱ्या माणसाची जीभ मला लहान वाटली, हे मी आजही विसरू शकत नाही.

अशी चव पुष्कळदा काही महिन्यांत सुधारते. नस नुसती ताणली असेल तर ती सावरते. कापली असली तरी दुसरी बाजू आणि जिभेचा मागचा भाग काम सांभाळून घेतात, कारण मागच्या भागाची नस वेगळी आहे. काकांचा तांब्याचा पैसा आठ महिन्यांनी गेला. मध्यंतरी त्यांनी उजवीकडं दाढ बसवून घेतली आणि थेंब त्या बाजूला घ्यायची सवय लावली. तेव्हापासून मी कानाच्या प्रत्येक पेशंटला आधी विचारते, तुमचा धंदा काय, आणि घरी स्वयंपाक कोण करतं.

काकांनी आणखी एक सांगितलं, ‘डाव्या बाजूला मीठ कळत नाही, साखर कळत नाही, पण तिखट मात्र झणझणीत लागतंय.’ आपल्याकडं हे कळायला सोपं आहे, संकेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा ही चव नव्हेच, ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन, उष्णतेनं भाजल्याची खबर देणाऱ्या तंतूंना चेतवतं. ते या तंतूंवरचं जे दार उघडतं ते शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधलं आणि त्या कामाबद्दल त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. हे तंतू चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेचे, चवीच्या नसेचे नव्हेत. म्हणून चव गेली तरी तिखट राहतं. आणि म्हणूनच चव गेलेला माणूस ताटात तिखट वाढवत जातो, वरून मीठ वाढवतो. रक्तदाबाच्या पेशंटनं तसं केलं तर काय होईल ते सांगायला नको.

आता वेलदोडा. साल काढा. एका हातानं नाक घट्ट चिमटीत धरा. हसू नका, पुढच्या रांगेतले आजोबा बघा कसे शिस्तीत बसलेत. दाणे चावा. काय लागतंय? थोडं कडसर, थोडं चरचरीत. वेलदोडा लागतोय का? नाही. आता नाक सोडा. ... हं. आला ना? हा वेलदोडा तुम्हाला जिभेनं नाही, नाकानं लागला. घशाच्या मागून वास वर चढला. नाकात पट्टी भरलेला पेशंट म्हणतो, 'जेवणाला चव नाही', तेव्हा जीभ शाबूत असते, गेलेला असतो वास. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून नीट विचारून घ्यावं लागतं.

हे सगळं सांगते त्याला कारण आहे. ऑपरेशननंतर जखम अन्नानं भरते. अन्न आत जायचं तर ते तोंडाला लागावं लागतं. आणि नेमकं तेव्हाच पेशंटचं तोंड बिघडलेलं असतं. मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचं औषध ऑपरेशननंतर कितीतरी जणांना देतात, त्यानं तोंड धातूसारखं होतं. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांनी चव बदलते. तोंड कोरडं पडलेलं असतं. अशा तोंडात आपण काय घालतो? पेज. बिनमिठाची.

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. वॉर्डात दुपारी बाराला डबे उघडतात. तीन खणांचा स्टीलचा डबा, तिन्ही खणांत पांढरं. पेज, मऊ भात, आणि वर दुधात भिजवलेलं बिस्किट. विचारावं, डाळ का नाही? ‘तूरडाळीनं टाके पिकतात बाई.’ अंडं? ‘उष्ण.’ वांगं? ‘खाज सुटते.’ ताक? ‘आंबट, पू होईल.’ लिंबू तर घरात कापतसुद्धा नाहीत. हे मराठी घरात, हे कन्नड घरातही, याबाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंचं एकमत. मी कुणाच्या आजीचा अपमान करत नाही. ज्या काळात जखम हमखास चिघळायची त्या काळात काहीतरी वर्ज्य करून माणसानं धीर धरला. पण ती भीती आता पेशंटला उपाशी ठेवते. पिकतं ते जंतूंमुळं, रक्तातली साखर आटोक्यात नसल्यामुळं, डाळीमुळं नव्हे.

आंबटाबद्दल एक गोष्ट सांगते. जॉन क्रँडन नावाचा हार्वर्डचा तरुण सर्जन होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात त्यानं स्वतःवर प्रयोग केला. सहा महिने क जीवनसत्त्व अजिबात नसलेला आहार. बाकीची जीवनसत्त्वं गोळ्यांतून घेत राहिला. तीन महिने झाल्यावर स्वतःच्या पाठीवर छेद घेतला, तो नेहमीसारखा भरला. सहाव्या महिन्यात दुसरा छेद घेतला. दहा दिवसांनी उघडून बघितलं तर वरची कातडी मिटलेली आणि खाली नुसतं रक्त साकळलेलं, जोड नाहीच. मग शिरेतून क जीवनसत्त्व दिलं आणि जखम नीट भरली. हे १९४० मध्ये छापून आलं. जखम जोडणारा जो दोर आपलं शरीर वळतं, कोलॅजन, त्याला पीळ बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते कशात असतं? लिंबात, आवळ्यात, पेरूत. आणि दोर वळायचा कच्चा माल कशात? डाळीत, अंड्यात, माशात. म्हणजे आपण ज्याला ज्याला हात लावू देत नाही, त्यातच. डॉक्टरांनी पोटाच्या ऑपरेशननंतर किंवा मूत्रपिंडाच्या आजारात स्वतः पथ्य सांगितलं असेल तर तेच पाळा. पण कुणी काही सांगितलं नसताना घरानं पथ्य लादू नये. पेजेतच मुगाची डाळ शिजवा, जिऱ्याची फोडणी द्या, वर लिंबू पिळा. वासानंच तोंडाला पाणी सुटतं, आणि तोंडाला पाणी सुटलं की पोट जागं होतं. हे रशियन शास्त्रज्ञ पॅव्हलॉव्हनं कुत्र्यांवर दाखवलं आणि १९०४ मध्ये नोबेल घेतलं. आता तर पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंटला च्युइंग गम चघळायला देतात, नुसत्या चघळण्यानं आतडी लवकर हलायला लागतात. 'वारा सरला का' म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा ते बरं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिलीत. वेदना तर अजून सुरूच केली नाही. भरभर सांगते.

वेदना किती, शून्य ते दहा आकडा सांगा, असं विचारतात. विचारावंच. पण आपल्या भाषेत आकड्यापेक्षा मोठं हत्यार आहे. टाक्यांजवळ ‘चुरचुरतंय’ म्हणाला तर कातडी जुळतेय. ‘ठणका लागलाय, रात्रभर झोप नाही’ म्हणाला की मी पट्टी सोडून बघते, आत पू कोंडलेला असू शकतो. ‘आग होतेय, मुंग्या येतायत’ म्हणजे नस दुखावलीय, तिला साध्या गोळीनं उतार पडत नाही, औषधच वेगळं. कन्नड पेशंट 'नोवु' म्हणतो ते दुखणं आणि 'उरी' म्हणतो ती आग. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर दोन्ही भाषांतला शब्द केसपेपरवर जसाच्या तसा लिहायच्या, आणि त्यामुळं मला निदान कितीदा तरी लवकर सापडलं. तेव्हा ‘लई दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका. कसं दुखतंय ते सांगा.

आणि सोसू नका. हे मराठा रेजिमेंटचं गाव, सोसण्याचं इथं कौतुक आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत आपल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. त्याच इटलीच्या आघाडीवर बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांना विचारत फिरत होता, वेदनेवर औषध हवं का? गंभीर जखमा असूनही चारांतल्या जेमतेम एकानं हो म्हटलं. त्यांच्या दृष्टीनं जखम म्हणजे जिवंत सुटका, घरचा रस्ता. वॉर्डातल्या माणसाच्या जखमेचा अर्थ तसा नसतो. त्याला कर्ज दिसतं, बुडालेला हंगाम दिसतो. त्याला जास्त दुखलं तर तो भित्रा नव्हे. दुखणं दाबलं की तो खोकतो, उठून चालतो, फुप्फुसात कफ साठत नाही, आणि त्यानं बरं व्हायला मदतच होते.

वास. नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून वासाचे तंतू मेंदूकडं जातात. नाकाच्या ऑपरेशननंतर सूज आणि खपल्या असेपर्यंत वास कमी येतो, घाबरू नका. त्या दिवसांत घरात गॅस गळला तर कळणार नाही, शेगडी दुसऱ्यानं बघायची. रेंगाळलं तर सराव करा. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगायचं, बारा आठवडे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. चारही वस्तू आपल्याच घरात मिळतात.

आणि तंबाखू. निपाणीकडची मंडळी इथं बसलीत, म्हणून मनापासून सांगते. बिडीतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. मग जखमेपर्यंत पोचणार काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं, ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सोडा, गुंतागुंत कमी होते. तारीख ठरली की त्याच दिवसापासून सोडा.

शेवटी निपाणीकडच्याच एका पेशंटचं सांगते. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेलं, घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागलं. श्वास मानेवरच्या छिद्रातून सुरू झाला. नाकातून हवाच जाईना, म्हणून वास शून्य. जेवण टाकायला लागले, जखम भरायला वेळ लागला. नेदरलँड्सच्या हिल्गर्स यांनी २००० साली यासाठी एक साधी युक्ती दिली आहे. ओठ मिटून ठेवायचे आणि आत जांभई द्यायची, जबडा खाली, जीभ खाली. चारचौघांत तोंड न उघडता आपण जांभई देतो ना, तशी. तोंडातली पोकळी वाढते आणि नाकातून हवा आत ओढली जाते. मी त्यांना ओपीडीतच शिकवली. आरशासमोर, पुन्हा पुन्हा. आठवड्यानं ते बायकोबरोबर आले. बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर लिहून दाखवलं, ‘दवाखान्यात शिरताना फिनेलचा वास आला.’ बायको रडायला लागली, आणि ते मला परत एकदा ओठ मिटून जांभई देऊन दाखवत होते.