दमा घराण्यातून येतो म्हणजे काय येतं?

नमस्कार, श्रोतेहो.

मुलाच्या छातीत घरघर सुरू झाली की घरात पहिला सूर लागतो, 'आमच्याकडे कुणालाच नव्हता हो!' आणि बोट जातं सुनेच्या माहेराकडे. लग्न ठरेपर्यंत मुलीचा दम्याचा पंप कपाटात लपवणारे आईवडीलही आपल्यात आहेत. त्या मुलीचे हाल ऐकवत नाहीत, म्हणून आज हा विषय.

दमा आनुवंशिक आहे, हे खरं. पण सिकलसेल या रक्ताच्या आजारासारखा तो एका जनुकाच्या दोषातून येत नाही. दम्याशी संबंध असलेल्या शंभराहून जास्त जागा गुणसूत्रांवर सापडल्या आहेत, आणि त्या आई आणि वडील दोघांकडून येतात. तरीही हुबेहूब जुळ्या भावांपैकी एकाला दमा असतो आणि दुसरा ठणठणीत असू शकतो.

यातल्या एका जनुकाची गोष्ट फार विलक्षण आहे. फिलाग्रिन हे प्रथिन आपल्या कातडीचा वरचा थर घट्ट आणि ओलसर राखतं. ते बनवणारं जनुक बिघडलेलं असलं तर इसब होण्याचा धोका वाढतो, आणि इसब झालेल्या अशा मुलांत दम्याचाही, हे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं. आता बघा, हे प्रथिन फुप्फुसाचं नाहीच! तान्ह्या बाळाची कातडी कोरडी पडते, गालांवर आणि हातापायांवर भेगा पडतात, तिथून धूळ आणि अन्नाचे कण आत शिरतात, आणि शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं. शिंका आणि धाप पुढे काही वर्षांनी येतात. म्हणून बाळाच्या इसबावर 'मोठा झाला की जाईल' म्हणत थांबू नका, लवकर उपचार करा.

आता जनुकांपलीकडे, आजूबाजूच्या वातावरणाचं बघा. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन्ही शेतकरी समाज मूळचे युरोपातले, जनुकांनीही एकमेकांच्या जवळचे. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शाळकरी आमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के. आमिशांचा गोठा घराला लागून, शेतीला घोडे, आणि पोरं लहानपणापासून तिथेच बागडतात. हटराइटांची शेती यंत्रांची, घरांपासून लांब. आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात सोडली, तर त्यांच्या श्वासनलिकांची ॲलर्जी कमी झाली. अर्थात, दमा असलेल्या मुलाला आता गोठ्यात नेऊ नका. तीच धूळ त्याला त्रास देईल.

रक्तातून फक्त कल येतो. बिडी-सिगारेट, डासांची कॉइल, चुलीचा धूर, हे मात्र आपल्या हातात आहे. पंपाची सवय लागत नाही. त्यातलं औषध अगदी थोडं असतं आणि थेट श्वासनलिकेत पोचतं. आणि डॉक्टरांनी 'घरात कुणाला आहे का?' असं विचारलं, तर नुसता दमा आठवू नका. मामाचं इसब, आत्याच्या सकाळच्या शिंका, आजोबांचं पावसाळ्यात दाटणारं नाक, दोन्ही घरांचं सगळं सांगा.