बूट धुवूनच खाली उतरायचं: अंटार्क्टिकातला एक दिवस

[दृश्य: केबिनची खिडकी, बाहेर बर्फाचे डोंगर]

सकाळचे सव्वासहा. केबिनमधल्या स्पीकरवर एक्स्पिडिशन लीडरचा आवाज येतो, बाहेर एक डिग्री आहे, वारा कमी आहे, साडेआठला पहिला ग्रुप खाली उतरणार. आई केव्हाच उठून थर्मल घालून बसलीये. जानेवारी चालू आहे, म्हणजे तिकडं आमच्या सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलीये, होम मैदानावर पाळणे फिरतायत, आणि इथं अंटार्क्टिक पेनिन्सुलाच्या, म्हणजे द्वीपकल्पाच्या, पश्चिम किनाऱ्यावर ऐन उन्हाळा. हो, उन्हाळाच. इकडं ऋतू उलटे असतात, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात प्रवासी जहाजं येतात.

इथवर यायला अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून निघून ड्रेक पॅसेज ओलांडावा लागतो, साधारण ८०० किलोमीटरचा उघडा समुद्र, दीड-दोन दिवस जातात. त्या लाटांचे व्हिडिओ भरपूर आहेत म्हणून मी ते सोडून देतोय. मला किनाऱ्यावर उतरायचा दिवस दाखवायचाय, आणि त्यातही पेंग्विनच्या आधी बूट दाखवायचेत, कारण माझ्या मते सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काम बुटांपाशी होतं आणि तेच कोणी शूट करत नाही.

[दृश्य: मड रूम, हुकांना लटकवलेली लाइफ जॅकेटं, खाली गमबुटांची रांग]

जहाजाच्या खालच्या डेकवरची ही खोली, हिला मड रूम म्हणतात. पहिल्यांदा खाली उतरायच्या आधी सगळ्यांना बोलवून तपासणी झाली. बाहेर घालायची पॅन्ट, हातमोजे, टोप्या, कॅमेऱ्याच्या बॅगा, ट्रायपॉड, चालायच्या काठ्या, सगळं घेऊन यायचं आणि गाईड लोक व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि चिमटा घेऊन बसलेले. खिसे उलटे करून शिवणी बघतात, चेनी बघतात, वेल्क्रो तर लई बारकाईने बघतात.

[दृश्य: क्लोजअप, चिमट्यात धरलेलं बी]

हे बघा. आईच्या कॅमेरा बॅगेची वेल्क्रोची पट्टी त्या गाईडने उजेडात धरली आणि चिमट्याने हे ओढून काढलं. कुसळ आहे. पुढं टोकदार बी, त्यावर बारीक केस, मागं दोरीसारखी पिळलेली काळपट शेपटी. आई शाळेत शिकवायची तेव्हापासून मुलांना घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्षी बघायला जायची, ही बॅग त्या माळावर कित्येकदा फिरलीये, आणि तिथनं निघालेलं ते कुसळ मुंबई, अर्जेंटिना, ड्रेक पॅसेज करत इथपर्यंत आलं. ओल लागली की ही शेपटी पीळ सोडायला लागते आणि फिरत फिरत बी जमिनीत घुसवते. म्हणजे ते पेरायला माणूस लागतच नाही, फक्त पोचवायला लागतो.

आता एवढ्या थंडीत आपलं माळावरचं गवत उगवणार आहे का, असं कोणी म्हणेल. पण अंटार्क्टिकात फुलं येणाऱ्या स्थानिक वनस्पती फक्त दोन आहेत, एक गवत आणि एक उशीसारखी वाढणारी छोटी वनस्पती, बाकी सगळं शेवाळ आणि दगडफूल. आणि तिथं, किंग जॉर्ज बेटावर, पोलंडच्या संशोधन केंद्राजवळ १९८५-८६ च्या हंगामात बाहेरचं गवत उगवलेलं सापडलं, पोआ अॅनुआ नावाचं, युरोपात कुठंही दिसणारं साधं गवत. माणसांबरोबरच आलं आणि उपटून काढायला पुढं कित्येक वर्षं माणसं लावावी लागली. आपल्याकडं गाजरगवताचं काय झालं ते सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही बांधावर उभं राहिलं की दिसतं. १९५५ च्या सुमाराला पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि बघता बघता ते सगळ्या रानात पसरलं, अजून हटत नाही. त्यामुळे तो चिमटा घेऊन बसलेला पोरगा मला तरी फार मोठं काम करताना दिसला. आईने त्याला हात जोडले, त्याला ते कळलं का माहीत नाही, पण तो हसला.

[दृश्य: गमबूट गुलाबी पाण्याच्या ट्रेमध्ये]

आणि मग हे, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. गुलाबी पाण्यात जंतुनाशक असतं, त्यात उभं राहायचं. एका बेटावरची घाण दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून. बर्ड फ्लू ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जिया बेटाच्या बाजूला पोचला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत खुद्द अंटार्क्टिकाच्या पेनिन्सुलावर स्कुआ पक्ष्यांमध्ये सापडला, तेव्हापासून नियम अजून कडक केलेत. किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग सुद्धा खाली ठेवायची नाही. फक्त बुटाचे तळवे जमिनीला लागले पाहिजेत. खायला काही न्यायचं नाही, त्यामुळे आईने घरनं आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी केबिनमध्येच राहिली. बाथरूमला जाऊन यायचं ते जहाजावरच, खाली सोय नाही आणि आडोशाला जाणं तर अजिबात नाही.

[दृश्य: झोडियाक, पाण्याचे शिंतोडे]

ह्या रबरी बोटीला झोडियाक म्हणतात, एका वेळी दहाएक माणसं. जहाजाच्या बाजूला एक छोटा प्लॅटफॉर्म असतो, तिथं लाटेबरोबर बोट वरखाली होते आणि नुसता हात धरायचा नसतो, एकमेकांचं मनगट धरायचं, दोघांनी, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. बाहेर पडताना कार्ड स्कॅन होतं, परत आल्यावर पुन्हा. सगळी कार्डं परत आल्याशिवाय जहाज हलत नाही.

[दृश्य: कव्हरव्हिल बेट]

सकाळची जागा कव्हरव्हिल बेट, एरेरा चॅनलमध्ये. बेल्जियमच्या मोहिमेने १८९८ मध्ये ह्या भागाचे नकाशे काढले, त्यांच्या बेल्जिका जहाजावर तेव्हा रोआल्ड अमुंडसेन पण होता, पुढं १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला तो.

एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरू शकतात आणि साधारण दर वीस माणसांमागं एक गाईड लागतो. ज्या जहाजावर ५०० पेक्षा जास्त प्रवासी असतील त्याला कोणालाच उतरवता येत नाही, ती जहाजं लांबनं बघून परत जातात. त्यामुळे आमचे पण ग्रुप पाडलेले, अर्धे खाली, अर्धे झोडियाकमधनं हिमनगांच्या मधून फिरतात, मग अदलाबदल.

उतरल्या उतरल्या पहिला धक्का वासाचा. पक्ष्यांच्या कुठल्याही वसाहतीचा वास घेतला असेल तरी हा वेगळाच, उग्र, खारट, डोक्यात जाणारा. पेंग्विन क्रिल खातात, म्हणजे कोळंबीसारखा बोटाएवढा जीव, म्हणून त्यांची शीट गुलाबी असते आणि आख्खा खडक गुलाबी दिसतो. हे जेंटू पेंग्विन. केशरी चोच, डोळ्यांवर पांढरी पट्टी, पेनिन्सुलावरच्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक.

[दृश्य: बर्फात पडलेली खोल वाट, तिच्यातनं वर येणारे पेंग्विन]

ही वाट पेंग्विनची आहे. घरट्यापासून पाण्यापर्यंत रोज ये-जा करून बर्फात खोल चर पडलाय, ह्याला पेंग्विन हायवे म्हणतात आणि ह्यात पाय ठेवायचा नाही. ओलांडायचीच असेल तर गाईड दाखवेल तिथनं, आणि कोणी येत असेल तर थांबायचं. पाच मीटर अंतर आपण ठेवायचं, पेंग्विनला तो नियम लागू नाही. तो आपल्याकडं आला तर आपण गप उभं राहायचं नाहीतर हळू मागं सरकायचं.

आणि ह्या बाई बघा, हातात फावडं. ही गाईड. माणूस मऊ बर्फात गुडघ्यापर्यंत रुतला की भोक पडतं, माणूस पाय काढून निघून जातो, पण पेंग्विन त्यात पडला तर त्याला बाहेर येता येत नाही. म्हणून प्रत्येक भोक बुजवायचं. ही बाई दीड-दोन तास तेवढंच करत होती, मध्ये मध्ये आम्हीही बुटानं बर्फ ढकलून बुजवत होतो.

[दृश्य: पिल्लू आणि पेंग्विन, लांब शॉट]

आई एकाच ठिकाणी उभी राहिली. बाकीचे फोटो काढत पुढंमागं फिरत होते, पण नान्नजला माळढोक दिसेल म्हणून तासन्‌तास उभं राहायची सवय असलेल्या बाईला इथं काय अवघड. तिला जे दिसलं ते फिरणाऱ्यांना दिसलं नाही. दगडांच्या घरट्यात दोन करडी पिल्लं, आईबापांपैकी एक पाण्यातनं आला, पोट भरलेलं, पिल्लानं आख्खं डोकं त्याच्या चोचीत घातलं आणि खाऊ लागलं. तेवढ्यात शेजारच्या पेंग्विनने मागच्या मागं ह्यांच्या घरट्यातला एक दगड उचलला आणि स्वतःच्या घरट्यात नेऊन ठेवला. वर स्कुआ घिरट्या घालतोय, पिल्लू एकटं सापडलं तर उचलणार. हा एवढा सगळा कारभार दोन मीटरच्या जागेत.

[दृश्य: दुपार, नेको हार्बर]

परत जहाज, परत बूट, जेवण, आणि दुपारी नेको हार्बर. अँडवर्ड बेमधली ही जागा, शंभर वर्षांपूर्वी इथं नेको नावाचं व्हेल प्रक्रिया करणारं जहाज थांबायचं. सकाळचं बेट होतं, हा खुद्द खंड. आईने पाय ठेवला आणि काही बोलली नाही, मला वाटलं रडते की काय, पण ती मन लावून समोर बघत होती.

समोर ग्लेशियर आहे आणि इथला पहिला नियम हाच की पाण्याजवळ रेंगाळायचं नाही, उतरलं की सरळ वर जायचं. का, ते थोड्या वेळात कळलं.

[दृश्य: ग्लेशियरचा कडा तुटतो, आवाज उशिरा येतो]

आधी दिसतं, मग ऐकू येतं. भिंतीतनं एक तुकडा सुटतो, शांतपणे पडताना दिसतो आणि मग गडगडाट, उन्हाळ्यात सोलापुरात वळवाचा पाऊस यायच्या आधी होतो तसा. मग पाणी फुगतं आणि ती फुगलेली लाट बर्फाचे तुकडे ढकलत किनाऱ्यावर येते. आम्ही वर होतो, बोटी पाण्यात मागं नेलेल्या. आधी उभे होतो ती जागा पाण्याखाली गेलेली आम्ही वरनं पाहिली.

तुटलेल्या जागी आतला बर्फ निळा दिसतो. वर्षानुवर्षं बर्फावर बर्फ पडून दाब येतो, आतली हवा पिळून निघते, अशा घट्ट बर्फात लाल प्रकाश शोषला जातो आणि निळा तेवढा बाहेर येतो.

[दृश्य: हम्पबॅकची शेपटी]

परत येताना हम्पबॅक व्हेल दिसले, ड्रायव्हरने इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि सगळे गप्प. श्वास सोडल्याचा आवाज फार जवळून येतो. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांपेक्षा जास्त व्हेल मारले गेले. व्यापारी शिकारीवरची बंदी १९८६ पासून लागू झाली आणि हम्पबॅकची संख्या परत बरीच वाढली, म्हणून आज हे दिसतात. शेपटीखालची खूण प्रत्येकाची वेगळी असते, प्रवाशांनी काढलेले फोटो हॅपीव्हेल नावाच्या वेबसाइटवर टाकले की कुठला व्हेल कुठं दिसला त्याची नोंद ठेवली जाते. आईचा एक फोटो जरा हललेला होता, तरी गाईडने घेतला.

[दृश्य: रात्री लाउंज, खिडकीबाहेर अजून उजेड]

रात्री जेवायच्या आधी दिवसाचा आढावा होतो, त्याला रीकॅप म्हणतात. एका डच काकांनी आईला विचारलं, तुमच्या देशाचं इथं काही आहे का. आईने लगेच नकाशावर बोट ठेवलं, १९८३ साली भारत अंटार्क्टिक करारात आला, त्याच काळात दक्षिण गंगोत्री हे पहिलं केंद्र, मग १९८९ ला मैत्री आणि २०१२ ला भारती. मैत्री आणि भारती ही दोन्ही चालू केंद्रं खंडाच्या पूर्व बाजूला आहेत, आम्ही आहोत तिथून हजारो किलोमीटर लांब, आणि त्यांचा कारभार गोव्यातल्या संस्थेकडनं चालतो. काकांनी वही काढून लिहून घेतलं.

उद्या पोर्ट लॉकरॉय, वारा साथ देईल तर. १९४४ मध्ये ब्रिटिशांनी उभारलेलं जुनं केंद्र, आता म्युझियम आणि पोस्ट ऑफिस, तिथनं टाकलेलं कार्ड आधी फॉकलंडला, मग ब्रिटनला आणि मग जगभर जातं, पोचायला कित्येक आठवडे. किती वेळ मिळेल सांगता येत नाही, म्हणून आई पत्त्यांची यादी आत्ताच करतीये. भवानी पेठेतली आत्या, शाळेतल्या जुन्या बाई, नान्नजच्या माळावर गाईड म्हणून यायचे ते काका. त्यांचा पिनकोड आठवत नाही म्हणून ती मला विचारतीये, मलाही आठवत नाही.